आजोबा शेळ्या ‘वॉक’ करतात : मार्क द्यावा की कापावा?

गोदाकाठचा_मास्तर | रविवार, सकाळी ८.१०

नमस्कार मंडळी. निवृत्तीनंतर गंगापूर रोडला घरीच आठवी-नववीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. परवा ‘वॉक’ हा शब्द देऊन प्रत्येकाला पाच वाक्यं लिहायला सांगितली. सोपा शब्द, दहा मिनिटांत उरकेल, मग काळाच्या प्रकरणाकडे वळू, असा माझा हिशेब. वह्या हातात आल्या आणि चष्मा पुसून पुन्हा वाचायची वेळ आली.

‘द फॅन इज वॉकिंग.’ म्हणजे पंखा चालू आहे.
‘माय अंकल्स शॉप वॉक्स व्हेरी वेल.’ काकांचं दुकान जोरात चालतं.
‘टी विदाऊट शुगर विल वॉक.’ बिनसाखरेचा चहा चालेल.
एकाने तर शेजारच्या बाकावरच्या मित्रावर सूड उगवला होता: ‘हिज ब्रेन डज नॉट वॉक.’

हसू आवरत लाल पेन चालवलं (बघा, पेनही चालतं). शेवटची वही पेठ तालुक्यातून शिकायला आलेल्या मुलीची. इथे मावशीकडे राहते, वर्गात फारसं बोलत नाही. तिचं वाक्य: ‘माय ग्रँडफादर वॉक्स गोट्स.’ तेही कापलं आणि वर ‘ग्रेझेस’ असं लिहून दिलं. वही मिटता मिटता ती म्हणाली, “सर, पुस्तकात ‘ही वॉक्स हिज डॉग’ आहे. मग शेळी का नाही?”

मला पटकन उत्तर सुचलं नाही. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आहे, हे आधीच कबूल करतो. तुम्ही सांगा, मार्क द्यावा की कापलेलाच ठेवावा?

चिवडा_स्पेशल | रविवार, सकाळी ८.३२

द्या की. कुत्रा कॉलेज रोडला राहतो आणि शेळी पेठला, एवढाच काय तो फरक.

‘हिज ब्रेन डज नॉट वॉक’ला तर पैकीच्या पैकी. आमच्या ऑफिसात फ्रेम करून लावण्याच्या लायकीचं वाक्य आहे.

निफाडची_थंडी | रविवार, सकाळी ९.१५

मास्तर, मुलीच्या मुद्द्यात दम आहे. इंग्रजीत वॉक सकर्मकही होतो. कुत्र्याला वॉक करतात, शर्यतीनंतर घोडा गार होईपर्यंत लगाम धरून त्याला वॉक करतात, रात्र झाली तर मैत्रिणीला घरापर्यंत वॉक करतात. सायकल पंक्चर झाली की तीसुद्धा वॉक करत आणतात.

आता गंमत बघा. ‘आय वॉक्ड माय सायकल’चं शब्दाला शब्द मराठी करा: ‘मी माझी सायकल चालवली.’ अर्थ बरोब्बर उलटा! तो बिचारा पंक्चर सायकल हातात धरून अशोक स्तंभापर्यंत घाम गाळत आला, आणि मराठीत तो शीळ घालत पेडल मारत आला.

आपलं ‘चालवणे’ गाडीला, यंत्राला, दुकानाला, सरकारला लागतं. माणसाला क्वचितच. बाळाला दोन्ही हात धरून चालवलं, आजीला काठीच्या आधाराने चालवलं, इतपतच. आणि तिथेही एक खाच आहे. ‘आजीला आता चालवत नाही’ याचा अर्थ आजीला कोणी चालवत नाही असा होत नाही. तिच्याच्याने चालणं होत नाही, असा होतो. ‘मला आता जेववत नाही’, ‘बघवत नाही’ यातलंच हे रूप. इंग्रजीला इथे ‘कॅन’ची काठी घ्यावी लागते.

ओझरकर | रविवार, सकाळी ९.४०

मुलांची चूक एकाच ठिकाणी आहे. आपलं जे जे चालतं ते इंग्रजीत ‘रन’ होतं. दुकान रन, कारखाना रन, बस रन, सर्दी झाली तर नाकसुद्धा रन. घड्याळ रनही होतं, ‘गो’ आणि ‘वर्क’ही.

थोडक्यात, इंग्रजांचं सगळं पळतं आणि आपलं सगळं चालतं. अंबडच्या कंपन्यांत ‘लाइन रनिंग आहे का’ असं विचारलं की उत्तर ‘चालू आहे साहेब’ हेच येतं. वीस वर्षं ऐकतोय.

शतपावली | रविवार, दुपारी १२.०५

मला वेगळंच सांगायचं आहे. इंग्रजीतला वॉक कितीही ऐसपैस असेल, मराठीत येताना तो फार अंग चोरून आला आहे. आपल्याकडे ‘वॉक’ म्हणजे एकच गोष्ट: बूट घालून, ठरलेल्या वेळी, कुठेही पोचायचं नसताना चालणं. ‘बाबा वॉकला गेलेत’ म्हटलं की ते गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर नाहीतर कृषिनगरला असणार. भाजी आणायला गेले असतील तर कोणी वॉक म्हणत नाही, जरी तेवढंच चालले असले तरी.

माझी आई मखमलाबादहून डोक्यावर मेथी-कोथिंबिरीची पाटी घेऊन गंगेवरच्या बुधवारच्या बाजाराला यायची. जाऊन-येऊन दोन-अडीच तासांची चाल, वर ओझं. (बाहेरगावच्यांसाठी: नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि घाटाला ‘गंगेवर’.) परवा गुडघे दाखवायला तिला डॉक्टरांकडे नेलं. तरुण मुलगा, स्वभावाने चांगला. म्हणाला, “आजी, रोज वॉक करत जा.” आई म्हणाली, “ते काय असतं?” मी म्हटलं, “चालायचं.” तर म्हणाली, “मग एवढी वर्षं मी काय करत होते?”

त्यामुळे हेरिटेज वॉक, नेचर वॉक, मॉर्निंग वॉक हे शब्द ऐकले की मला त्यात बुटांचा वास येतो. राग नाही, मी स्वतःही जाते. पण गरजेने चालणाऱ्याचा वॉक होत नाही. त्याची पायपीट होते, वणवण होते, तंगडतोड होते.

येवलेकरीण | रविवार, दुपारी १२.२०

शतपावली, आईचं उत्तर वहीत लिहून ठेवलं.

‘रपेट’ राहिला की! मुळात घोड्यावरून मारायची ती रपेट. घोडा गेला आणि पेन्शनर पायीच रपेट मारू लागले.

पायताण | रविवार, रात्री १०.५०

धागा बघायला उशीर झाला. आता सगळे झोपल्यावर लांबलचक लिहितो, कोशांची धूळ अंगावर आहे तोवर.

वॉक हा शब्द मुळात ‘चालणे’ नव्हताच. जुन्या इंग्रजीत ‘वेआल्कन’ असं क्रियापद होतं. अर्थ: लोळणे, उलटसुलट होणे, समुद्राच्या लाटांनी हेलकावणे. पायी जायचं त्याला तेव्हा ‘गो’चे पूर्वज वापरत. पुढे साधारण तेराव्या शतकाच्या सुमारास वॉककडे पायाने जाण्याचा अर्थ आला आणि तोच मुख्य होऊन बसला.

मधला दुवा एका धंद्यात जिवंत राहिला. विणून आलेलं लोकरीचं कापड सैल आणि तेलकट असायचं. ते आटवून घट्ट करायला पाण्यात, बऱ्याचदा साठवलेल्या मूत्रात भिजवत आणि तासन्‌तास पायांनी तुडवत. हे काम करणारा तो ‘वॉकर’. आडनाव तिथूनच आलं. इंग्लंडच्या वेगवेगळ्या भागांत याच धंद्याला वेगवेगळे शब्द होते, म्हणून वॉकर, फुलर आणि टकर ही तिन्ही आडनावं एकाच कामाची. आपल्याकडे लोहार-कासार असतात तसंच. जर्मनमध्ये ‘वाल्कन’ म्हणजे आजही असंच तुडवून-मळून घेणं. चालण्याशी त्याचा संबंध नाही.

आणि आता ज्यासाठी एवढं टंकलं ते. भाषाशास्त्रज्ञ वॉकची मुळं ज्या मूळ धातूशी नेऊन भिडवतात त्याचा अर्थ ‘फिरणे, वळणे, गुंडाळणे’. इंग्रजीतला नाचाचा ‘वॉल्ट्झ’, ‘रिव्हॉल्व्ह’ हे त्याच कुळातले. संस्कृतातला ‘वल्’ धातूही तिथलाच, ‘वलति’ म्हणजे वळतो. त्याचं मराठी रूप आपण रोज वापरतो: वळणे.

म्हणजे वॉकचा मराठीतला खरा भाऊबंद ‘चालणे’ नाहीच. ‘वळणे’ आहे.

आणि मराठीत काय काय वळतं? रस्ता वळतो, लाडू वळतात, वाती वळतात, दोर वळतात. आणि गुरं वळतात! राखोळी करणारा पोरगा गुरं ‘वळायला’ जातो. पेठचे आजोबा शेळ्या वळतातच की. मास्तर, त्या पोरीने इंग्रजी शब्द त्याच्या जुन्या घरात नेऊन ठेवला आहे. लाल पेन म्यानात घाला.

(जाता जाता: ‘चालणे’ आणि ‘चळणे’ हेही एकाच ‘चल्’ धातूचे दोन वंशज. प्राकृतात ल दुहेरी राहिला तिथे मराठीत ‘ल’ आला, एकेरी होता तिथे ‘ळ’ झाला. म्हणून पाय चालतात आणि बुद्धी चळते. चळवळ तिथलीच.)

चिवडा_स्पेशल | सोमवार, सकाळी ७.५५

थांबा थांबा. म्हणजे जॉनी वॉकर हा मुळात मूत्रात कापड तुडवणारा? बाटलीवर टोपी घालून ऐटीत निघालाय ते पाय धुवायलाच बहुतेक.

पायताण | सोमवार, सकाळी ८.२०

त्याचा पूर्वज. खुद्द जॉनी वॉकर स्कॉटलंडमधला किराणा दुकानदार होता. बाटलीवरचा चालणारा माणूस ही नंतरच्या जाहिरातवाल्यांची शब्दावरची कोटी. आणि आपल्या सिनेमातल्या जॉनी वॉकरचं खरं नाव बद्रुद्दीन काझी, व्हिस्कीवरून पडलेलं नाव. कापड तुडवण्यापासून प्यासा प्रेक्षक हसवण्यापर्यंत, शब्द बराच चालला म्हणायचा.

येवलेकरीण | सोमवार, सकाळी ९.०५

आमच्या पैठणीला कोणी पाय लावून बघावा! रेशीम आहे ते, लोकर नव्हे.

पण एक आहे. माग ‘चालतो’ म्हणतात आणि तो खरोखर पायांवरच चालतो. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसलेला, वरून दिसतात फक्त हात. खाली फळ्यांवर पाय दिवसभर आळीपाळीने चालू. जागचा न हलता माणूस किती चालतो याची मोजणी फोनमधलं ॲप करू शकणार नाही.

निफाडची_थंडी | सोमवार, सकाळी ९.३०

पाय लावण्यावरून, द्राक्षं! वायनरीत हंगामात पाहुण्यांना टबात उतरवून द्राक्षं तुडवायला लावतात. फोटोपुरतं असतं, खरी वाइन यंत्रानेच होते. पण आमचा बाबा ते बघून एवढंच म्हणाला, “निर्यातीच्या मालाला बोट लागलं तर रिजेक्ट करतात, आणि इथं पैसे देऊन नाचतायत.”

वीस_किलोमीटर | सोमवार, दुपारी १.१०

इतका वेळ वाचत होते. मी शाळा-कॉलेजात रेस वॉकिंग करायचे. लोक हसायचे, कंबर हलते म्हणून. काका मंडळी तर थांबून बघायची. तर कायदेशीर ‘वॉक’ म्हणजे काय ते सांगते, कारण आमच्या खेळात त्याची व्याख्या नियमपुस्तकात आहे.

दोन अटी. एक, पाय जमिनीवरून सुटल्याचं नुसत्या डोळ्यांना दिसता कामा नये; एक ना एक पाऊल टेकलेलं हवं. दोन, पुढचा पाय जमिनीला लागल्यापासून शरीर त्याच्या सरळ वर येईपर्यंत गुडघा ताठ हवा. कंबर हलते ती या दुसऱ्या अटीमुळे, हौस म्हणून नव्हे. पंच पिवळी पाटी दाखवून ताकीद देतात. पाटीवर नागमोडी रेघ असली तर पाय सुटतोय, कोन काढलेला असला तर गुडघा वाकतोय. लाल कार्डं तीन वेगवेगळ्या पंचांकडून झाली की दंड नाहीतर बाहेर.

खरी मेख ‘नुसत्या डोळ्यांना’ या शब्दांत आहे. स्लो मोशनमध्ये बघितलं तर अव्वल खेळाडूंचेही दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात. डोळ्याला दिसलं नाही तर तो वॉक. साधा माणूस ताशी सातेक किलोमीटरच्या पुढे गेला की त्याचे पाय आपोआप धावू लागतात, चालणं तिथे महाग पडतं. हे लोक ताशी पंधराच्या आसपास ‘चालतात’. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपला के. टी. इरफान २० किलोमीटरमध्ये दहावा आला होता. २०२२च्या राष्ट्रकुलमध्ये प्रियांका गोस्वामीने १०,००० मीटर चालून रौप्य आणलं. सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतचं नाव नाशिकमध्ये रिक्षावालाही सांगेल, आणि सांगावंच. चालणाऱ्यांची नावं मात्र कोणाला ठाऊक नसतात.

शतपावली | सोमवार, दुपारी १.३०

ताई, मी हसणाऱ्यांतली होते. माफी.

ओझरकर | सोमवार, रात्री ९.००

क्रिकेटमधला ‘वॉक’ अजून कोणी काढला नाही, आश्चर्य आहे.

पंचांनी बाद दिलेलं नसताना बॅट्समन स्वतः होऊन निघाला की तो ‘वॉक्ड’. २००३च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, श्रीलंकेविरुद्ध. ऑस्ट्रेलियाच्या गिलख्रिस्टच्या बॅटची कड लागली, पंच रुडी कर्ट्झन यांनी मान हलवून नाबाद सांगितलं, आणि हा गडी काखेत बॅट मारून निघाला. त्याच्याच संघातले लोक चाट पडले असणार. एका शब्दात सगळा सभ्यपणा: तो चालला.

याच्या उलट १९८१, मेलबर्न. लिलीच्या चेंडूवर गावसकर पायचीत. बॅटला लागलाय म्हणून संतापले आणि जोडीदार चेतन चौहानलाही सोबत घेऊन निघाले. सीमारेषेवर व्यवस्थापक दुराणी यांनी चौहानना अडवलं म्हणून सामना वाचला, आणि तो आपण जिंकलोही. तो ‘वॉक-ऑफ’. पाय तेच, रस्ता तोच पॅव्हेलियनचा, पण एका ‘ऑफ’ने रागाचा अर्थ चिकटला. विधानसभेत हेच झालं की मराठी पेपर ‘सभात्याग’ लिहितात, ऐकायला कसं तपश्चर्येला निघाल्यासारखं वाटतं. मुळात आपल्याकडे याला इतका चोख शब्द आहे: ‘चालते व्हा.’ फक्त तो दुसऱ्याला सांगायचा असतो.

आणि विमानं बनवणाऱ्या ओझरचा आहे म्हणून हेही: १८ मार्च १९६५ला सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव यानाबाहेर बारा मिनिटं तरंगला. पोशाख फुगला, परत आत शिरता येईना, शेवटी त्यातली हवा थोडी थोडी सोडून कसाबसा आत आला. पायाखाली काही नाही, पाय टेकायचा प्रश्नच नाही, तरी नाव ‘स्पेसवॉक’. वीस_किलोमीटर ताईंच्या पंचांनी पहिल्याच सेकंदाला लाल कार्ड दिलं असतं.

चिवडा_स्पेशल | सोमवार, रात्री ९.०४

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

सिन्नरी_वारा | सोमवार, रात्री ११.१५

गणितातला वॉक. घाबरू नका, समीकरण लिहीत नाही.

१९०५मध्ये कार्ल पिअर्सन यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटंसं पत्र छापलं: एक माणूस सरळ रेषेत ठरावीक अंतर चालतो, मग कुठल्याही दिशेला वळतो, पुन्हा तेवढंच चालतो, असं बरेचदा. तो सुटल्या जागेपासून किती लांब असेल? याला त्यांनी ‘रँडम वॉक’ म्हटलं. लॉर्ड रॅले यांनी उत्तर कळवलं, आणि पिअर्सन यांनी त्यावर शेरा मारला की मोकळ्या माळावर दारुडा शोधायचा असेल तर तो जिथून निघाला तिथेच जवळपास बघावा. ‘यादृच्छिक’ म्हटलं की पोरांचे चेहरे पडतात, म्हणून मी वर्गात सरळ ‘दारुड्याची चाल’ म्हणतो.

हिशेब असा की पावलं जितकी, त्याच्या वर्गमुळाइतकं ढोबळ अंतर. १०० पावलं टाकली तर सुमारे १० पावलं लांब. १०,००० टाकली तर सुमारे १००.

आता फोनमधली ती १०,००० पावलं. हा आकडा लोकप्रिय झाला तो १९६५च्या एका जपानी पाऊलमोजणी यंत्रामुळे, त्याचं नावच ‘मान्पो-केई’, दहा हजार पावलांचा मापक. म्हणजे बारमधून सुटलेल्या माणसाने जपानी नियमाने दहा हजार पावलं पुरी केली, तर सरळ चालणाऱ्याला जेवढं अंतर तोडायला १०० पावलं लागतात तेवढाच तो लांब जातो. त्याची शतपावली झाली.

पिअर्सनच्या व्याख्येत एक शब्द वाचताना आज थांबलो: चालतो, मग वळतो, पुन्हा चालतो. पायताण, तुमचा ‘वल्’ इथेही आहे.

संपादक | मंगळवार, सकाळी १०.००

धागा छान चालला आहे (!). व्हिस्की, बार आणि दारुड्याच्या उल्लेखांवरून तक्रार आलेली नाही, यायच्या आत विषयाकडे वळा.

ब्रह्मगिरी | मंगळवार, रात्री ८.४५

आम्ही त्र्यंबककडचे. आमच्याकडे चालण्याला कर्म लागतं, आणि त्याला व्याकरण शिकवावं लागत नाही. ‘यंदा फेरी चाललास का?’ ‘मी सात वर्षं वारी चालतो.’ वारीला जातो असंही म्हणतात, पण ‘वारी चालणे’ म्हणजे पायी, दिंडीतून, निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून पंढरपुरापर्यंत. एसटीने एकादशीला पोचलेला माणूस वारीला गेला, वारी चालला नाही. हा फरक आमच्याकडे पोरंटोरंही पाळतात.

फेरी म्हणजे ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा. तिसऱ्या श्रावणी सोमवारी सगळ्यात मोठी गर्दी. लहान फेरी २० किलोमीटर, मोठी ४०. रविवारी रात्रीच कुशावर्तावर हात-पाय धुऊन निघायचं, पाऊस, चिखल, बरेच अनवाणी. इथेही वळणं आहेच, डोंगर उजव्या हाताला ठेवून गोल.

अभंगालाही ‘चाल’ असते. मृदंगाची आणि पावलांची गाठ तिथे. पाश्चात्त्य संगीतात ‘आंदान्ते’ म्हणून एक लय सांगतात, इटालियनमध्ये त्याचा अर्थ चालतं, असं एका संगीतवाल्या पाहुण्याकडून फेरीतच ऐकलं. त्याला म्हटलं, आमचे पायी चालणारे टाळकरी हे जन्मापासून जाणतात.

आणि आता थोडं गंभीर. मार्च २०१८मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून निघाला, मुंबईपर्यंत १८० किलोमीटर. पेठ, सुरगाणा, दिंडोरी, त्र्यंबक, सगळ्या आदिवासी पट्ट्यातली माणसं. वनजमिनीचे पट्टे नावावर व्हावेत, ही मुख्य मागणी. पेपरांत ‘लाँग मार्च’ छापून आलं. आमच्या पाड्यावरचे लोक मात्र ‘मुंबईला पायी चाललो’ एवढंच म्हणत. मार्च म्हटलं की देवळालीच्या तोफखान्याची कवायत डोळ्यांसमोर येते, एका तालात बूट. यांच्या पायांत झिजलेल्या चपला, काहींच्या पायांत त्याही नाहीत. फोड आलेल्या, सोललेल्या तळव्यांचे फोटो सगळ्या देशाने पाहिले. शेवटच्या रात्री ते झोपले नाहीत. सकाळी दहावीचा पेपर होता, मुंबईच्या पोरांचा रस्ता अडू नये म्हणून रात्रीच चालून १२ तारखेला पहाटे आझाद मैदानात पोचले.

याला इंग्रजीत वॉक म्हणायचं की मार्च, ते मास्तरांनी सांगावं. शतपावली ताई म्हणतात तसा तो ‘वॉक’ नव्हता, हे नक्की.

शतपावली | मंगळवार, रात्री ९.१०

नव्हता. माझा नवरा तेव्हा विल्होळीजवळ पाण्याचे जार घेऊन उभा होता. म्हणाला, “कोणी थांबून पीत नव्हतं, चालता चालता ओंजळ पुढे करत होते.”

पायताण | मंगळवार, रात्री ९.४०

नाशिकचा मार्च महिना या बाबतीत जुना आहे. २ मार्च १९३०ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मागणी काय, तर इतर जिथवर चालत जातात तिथवर आम्हीही जाणार. दारं बंद करून घेतली गेली. सत्याग्रह पाच वर्षं चालला, आणि ‘चालला’ हे क्रियापद इथे दोन्ही अर्थांनी घ्या.

मराठीत या हक्काला फार नेमका शब्द आहे: वहिवाट. शेतरस्ता कोणी अडवला की तहसीलदारांपुढे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली अर्ज जातो, आणि त्यात भांडण असतं ते पूर्वापार वहिवाटीचं. इतकी वर्षं इथून चालत आलो, म्हणून इथून चालणार. पायांनी मिळवलेला पुरावा.

निफाडची_थंडी | बुधवार, सकाळी ८.००

रस्त्यावरून चालण्याच्या हक्कावरून ‘जेवॉकिंग’ आठवलं. अमेरिकेत ‘जे’ म्हणजे गावंढळ, खेडवळ माणूस. शंभरेक वर्षांपूर्वी मोटारी वाढल्या तेव्हा रस्ता मनाला येईल तिथून ओलांडणाऱ्याला ही शिवी चिकटवली गेली, आणि मोटारवाल्यांनी ती जोरात चालवली. त्याआधी रस्ता सगळ्यांचा होता. शिवी देऊन तो गाडीचा करून टाकला. द्वारका चौक पायी ओलांडताना माझ्या मनात उलट शिवी असते, पण ती इथे लिहिता येणार नाही.

‘केकवॉक’चाही असाच उलटा प्रवास. आज अगदी सोपं काम म्हणजे केकवॉक. मुळात तो अमेरिकेतल्या गुलाम काळ्या लोकांचा नाच, मालक लोकांच्या ऐटबाज चालीची नक्कल करणारा. उत्तम जोडीला बक्षीस केक. मालक बघून टाळ्या वाजवायचे, आपलीच टर उडवली जातेय हे बऱ्याच जणांना कळतही नसे. सोपं काम ते कुठलं!

चिवडा_स्पेशल | बुधवार, सकाळी ८.२५

आमच्याकडे वॉक-इन इंटरव्ह्यू आहे शनिवारी. सातपूरला. चालत आत जायचं, चालतं होऊन बाहेर यायचं.

गोदाकाठचा_मास्तर | गुरुवार, रात्री ९.३०

मंडळी, आभार कसे मानू. आज तिची वही मागून घेतली. लाल रेघ पांढऱ्या शाईने झाकली आणि अर्धा मार्क दिला. ‘ग्रेझेस’ही बरोबर, ‘वॉक्स’ही चालेल, असं वर्गात सांगितलं. वळणे, लाडू, वाती, गुरं, सगळं फळ्यावर लिहिलं. कापड तुडवणाऱ्या वॉकरची गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या बाकाने मूत्र हा शब्द ऐकून जो गोंधळ घातला, त्यात पाच मिनिटं गेली.

वर्ग सुटल्यावर ती थांबली. म्हणाली, “सर, पण कुत्रं फिरवणारा माणूस पुढं असतो, नाहीतर बरोबर. आजा शेळ्यांच्या मागं असतो. पुढं राहिला तर शेळ्या कुणाच्या तरी रानात शिरणार. मग ते वॉक धरायचं का?”

अर्धा मार्क परत घ्यायला सांगायला आली होती की उरलेला अर्धा मागायला, ते कळलं नाही. मागून चालणाऱ्याचं काय, सांगा.

पायताण | गुरुवार, रात्री १०.०५

धरायचं. इंग्लंडात जहाजांचे दोर वळायच्या लांबच लांब पडव्या असत, त्यांना ‘रोपवॉक’ म्हणत. तिथले कामगार कमरेला तागाचा भारा बांधून सूत सोडत सोडत मागे मागे चालायचे, दिवसभर, पाठमोरे. तोही वॉकच होता, आणि दोर वळणंही. आजोबा तर निदान तोंड पुढे करून चालतात.

पूर्ण मार्क द्या.

चिवडा_स्पेशल | गुरुवार, रात्री १०.१२

आणि पंख्याचं काय?

गोदाकाठचा_मास्तर | गुरुवार, रात्री १०.२०

पूर्ण दिला. पंखा कापलेलाच राहील.